आमची चुकांची वही

सेंद्रिय रसायनशास्त्राचें नांव निघतांच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या छातींत धडकी भरते. आमचीही अवस्था एके काळीं तशीच होती. ती भीति कशी गेली, एवढेंच आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस येथें सांगावयाचें आहे.

दहावीची परीक्षा देऊन आम्ही खेड्यांतून लातुरास आलों. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळें या नगराची कीर्ति महाराष्ट्रभर पसरलेली. पुन्हां पुन्हां सराव व पुन्हां पुन्हां चांचणी ही येथील रीत ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें सर्वतोमुखी झालेली. वडिलांनीं सोयाबीन विकून आमचें शुल्क भरलें होतें. तेव्हां आम्हीं निश्चय केला कीं, रोज १०० प्रश्न सोडविल्याशिवाय निजावयाचें नाहीं. आणि तो नेम पाळलाही! परंतु कसा पाळला, तें सांगावयास आज लाज वाटते. प्रश्न वाचावा, क्षणभर थांबावें, पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर पाहावें, आणि ‘हें तर आपणांस येतच होतें’ असें म्हणून पुढें जावें.

याचें फळ एका चांचणींत मिळालें. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया झाली असतां ब्रोमीनचा अणु मधल्या कार्बनास चिकटतो, हा मार्कोव्हनिकॉव्हचा नियम आम्हांस मुखोद्गत होता. पेरॉक्साइड असेल तर तो टोंकाच्या कार्बनास चिकटतो, हा अपवादही पाठ होता. चांचणींत मात्र हायड्रोजन ब्रोमाइडच्या जागीं हायड्रोजन क्लोराइड होतें. ‘पेरॉक्साइड’ हा शब्द दिसतांच आम्हीं अपवादावर खूण केली, आणि चुकलों! अशींच आणखी किती तरी उत्तरें चुकलीं. ‘नीट’ परीक्षेप्रमाणें बरोबर उत्तरास ४ गुण मिळावयाचे व चुकीच्या उत्तरामागें १ जावयाचा, असा हिशेब होता. पदरीं जें उरलें, तें घरीं कळविण्याचा धीर होईना.

आमचे गुरुजी रागावले नाहींत. ते म्हणाले, “गंजगोलाईंत रोज जातोस ना? एक दिवस नेहमींचा रस्ता सोडून दुसऱ्या बाजूनें जा, आणि तुझें नेहमींचें दुकान सांपडतें का तें पाहा.” लातूरकरांस हें सांगणें नकोच कीं, त्या वर्तुळाकार बाजारपेठेस १६ रस्ते येऊन मिळतात. एकच रस्ता पाठ असलेला मनुष्य तेथें गोंधळतो. परंतु मध्यावरील जगदंबेच्या मंदिरावरून ज्यास दिशा ओळखतां येते, तो कोठूनही आला तरी चुकत नाहीं. “रसायनांत तें मंदिर म्हणजे इलेक्ट्रॉन कोठून निघतो व कोठें जातो हा प्रश्न,” असें गुरुजींनीं सांगितलें.

त्या रात्रीं आम्हीं उत्तरांचीं पानें दोऱ्यानें बांधून टाकलीं व दहाच प्रश्न घेतले. प्रत्येक क्रिया बाणांनीं काढावयाची. अडलें तरी अर्धा तास उत्तर पाहावयाचें नाहीं. दहांपैकीं तीन बरोबर आले! मग एक निराळी वही केली. डाव्या पानावर आपली चूक जशीच्या तशी, उजव्या पानावर तिचें कारण. पहिलें पान त्या हायड्रोजन क्लोराइडचें. पेरॉक्साइडमुळें क्रिया मुक्त मूलकांच्या मार्गानें जाऊं पाहते. त्या मार्गांत कार्बनच्या मूलकास हायड्रोजनचा अणु ओढून घ्यावा लागतो. परंतु हायड्रोजन व क्लोरीन यांचा बंध बळकट. तो सहजीं तुटत नाहीं, ती सांखळी चालत नाहीं, आणि जुनाच नियम लागू पडतो. हें उमजल्यावर तो अपवाद घोकण्याचें कारणच उरलें नाहीं.

आठ दिवसांनीं तेच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हां सोडवीत असूं. कांहीं चुका दोनदां, तीनदां झाल्या. त्या तितक्यांदा लिहिल्या. हळूहळू १० चे २५ झाले, २५ चे ५०. वर्षअखेरीस पुन्हां शंभरांवर आलों. परंतु आतां ते शंभर आमचे स्वतःचे होते. गुण वाढले, आणि गांवीं गेल्यावर वडिलांच्या नजरेस नजर देतां आली.

सराव पुष्कळ करावाच. त्यावांचून हा विषय कोणास वश झालेला आम्हीं पाहिला नाहीं. परंतु उत्तर झांकून करावा, आणि चूक झाल्यास ती खोडून न टाकतां नीट लिहून ठेवावी. आमची ती वही आम्हीं अद्यापि जपून ठेविली आहे. ज्यास पाहावयाची असेल, त्यानें खुशाल यावें.