रातांबे फोडायचं यंत्र

संध्याकाळी सिंगापूरमधल्या वन-नॉर्थच्या वाटेनं घरी परतताना डोक्यात रातांबेच, म्हणजे कोकमाची फळंच असतात. या भागाचा आराखडा 2001 साली झाहा हदीद यांनी केला. बायोपोलिस, फ्युजनोपोलिस आणि आयर राजाची नवउद्योगांनी गजबजलेली इमारत, इथे सगळी बुद्धी पुढच्या शोधामागे लागलेली. माझी मात्र कोकणातल्या अंगणात बसून रातांबे फोडणाऱ्या बायकांच्या बोटांमागे लागली आहे.

एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं. पाऊस येण्याआधी ते फोडून, सालं रसात भिजवून, उन्हात सुकवून आमसुलं करायची असतात. वेळ थोडा आणि रस इतका आंबट, की साधं लोखंड त्यात टिकत नाही. म्हणून रातांबे फोडायच्या यंत्राच्या माझ्या आराखड्यात पातं स्टेनलेस स्टीलचं आहे. ते फळाच्या मध्यावर फक्त सालीच्या जाडीइतकंच उतरावं, कारण आतल्या बियाही मोलाच्या, त्यांतूनच मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल निघतं. पात्याला अडसर हवा आणि लांब दांडा हवा, म्हणजे कमी जोरात काम होईल.

मोटर मी मुद्दाम टाळली. ऐन हंगामात वीज गेली तरी काम थांबू नये, आणि बिघाड झाला तर गावातल्या लोहारालाही दुरुस्ती जमावी.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन’ झेल्यानं आंबा देठासह काढणं सोपं केलं. रातांबे फोडणाऱ्या हातांकडेही अभियंत्यांनी तेवढ्याच आस्थेनं पाहावं. तुम्ही यंत्रं घडवत असाल, तर एक हंगाम कोकणात जाऊन त्या बायकांशेजारी बसा.