सवलतीचा हिशेब

बाबा घाटकोपरला रिक्षा चालवतात. म्हणून अंदाजपत्रक आमच्या घरी भाकरीच्या हिशेबाने वाचले जाते. लोकांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे यासाठी राज्य शासनाने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोमागे ६६ चे ६० रुपये झाले. परंतु त्याच दिवसापासून केंद्राने देशी वायूचा भाव दुपटीहून अधिक वाढवला. पंधरवड्याच्या आत दर ७२ वर गेला. मग सवलत वाया गेली का? तसे म्हणता येणार नाही. जुना कर असता, तर दर याहूनही चढला असता. पण बाबांच्या खिशाला हे कसे पटावे? हवा साऱ्या शहराची स्वच्छ होते. तिची किंमत मात्र मीटरवर पोट असणाऱ्यानेच का सोसावी?