हशामागचं इंजिन



कर्जत स्टेशनात कधी उतरलात, तर वडापावकडे धावण्याआधी गाडीच्या शेपटाकडे बघा हं! पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात. पुढे बोरघाट आहे ना! सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा त्याचा चढ. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. गाडी मागून रेटणाऱ्या या इंजिनांना म्हणतात 'बँकर'. पैशांच्या बँकेशी त्यांचा काही संबंध नाही बरं का!

स्टेशनला लागूनच, पूर्वेच्या अंगाला भिसेगाव आहे. रात्री अंगणात बसलं तरी इंजिनाचा भोंगा कानावर येतो. एका गणपतीत तिथे आम्ही मुलांचा विनोदी कार्यक्रम ठेवला होता. नकला, चुटके, छोटी प्रहसनं असं सगळं. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं.

हे काम तसं जुनंच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. त्यात गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार होता आणि त्याची थट्टा करणारा विदूषकही. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'त डॉ. निलेश साबळे यांना तुम्ही पाहिलंच असेल. तेही याच वाटेवरचे.

मी चिठ्ठ्यांवर नावं क्रमानं लिहिली, उच्चार विचारून घेतले. पहिल्या दोन नकलांना हशा पिकला. माझ्या बोलण्यालाही लोक हसले आणि मला जरा चढलंच! पुढची पाळी चौथीतल्या एका मुलीची होती. आवाज अगदी बारीक. मी माइकवर म्हणाले, "आता कान टवकारा. हिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला तरी खूप झालं!"

मंडप हसला. ती मात्र पडद्याआडून बाहेरच येईना. पाहिलं, तर डोळ्यांत पाणी.

माझ्या पोटात गोळा आला. लोकांना हसवायच्या नादात मी एका पोरीचं हसू पळवलं होतं! मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "मंडळी, चूक माझी झाली. पहिल्यांदा माइक हातात घेतला, तेव्हा माझा आवाज माझा मलाही ऐकू आला नव्हता." मग तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "चुकलं माझं. तुला हवं तेव्हा ये. मी थांबते."

तेवढ्यात स्टेशनात भोंगा वाजला. आणि पडद्याआडून बारीक आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बाईंची गाडी आज घसरलेली आहे!"

मंडपात हशाचा नुसता कल्लोळ! डोळे पुसत ती पुढे आली आणि चहावाल्यापासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळं स्टेशन तिनं उभं केलं. मी कडेला गप्प उभी राहिले. मधे एक शब्द बोलले नाही.

घाट चढून झाला की बँकर सुटतात. आतल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नसतो. सूत्रसंचालकानंही तसंच करावं, हे मला त्या रात्री कळलं.

तुमच्या स्नेहसंमेलनात माइक हाती आला, तर एवढं लक्षात ठेवा. नाव नीट घ्या, थोडक्यात बोला, दुसऱ्याचा विनोद आधीच फोडू नका. आणि थट्टा करायचीच झाली, तर स्वतःपासून सुरुवात करा!

तुमच्या बाई