एका यंत्रांतील दोन बिऱ्हाडें

आमच्या घरांत आजवर कसलीच वाटणी झालेली नाहीं. चूल एक, देवघर एक आणि माजघरांतला संगणकहि एकच. वाटणी झाली आहे ती त्या संगणकाच्या पोटांतील तबकडीची, आणि तीहि मोठ्या सलोख्यानें. एका भागांत विंडोज नांदतें; तेथें दादांचा जमाखर्च आणि वहिनींच्या भिशीचे हिशेब असतात. दुसऱ्या भागांत माझ्या पुतण्यानें कांहीं वर्षांपूर्वीं आणून बसविलेलें लिनक्स आहे. अण्णांनीं आपल्या शेवटच्या वर्षीं मला सांगितलेल्या आठवणी मीं या दुसऱ्या भागांतच उतरून घेतल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. हें शेवटचें वाक्य लिहितांना मला अजून लाज वाटते.

यंत्र सुरू केलें कीं प्रथम पडद्यावर एक लहानशी यादी येई : लिनक्स हवें कीं विंडोज? ही यादी पुढें करणाऱ्या द्वारपालाचें नांव ग्रब. एरिक बोलेन यांनीं १९९५ सालीं त्याचा आरंभ केला. यंत्र जागें करण्याच्या या क्रियेस 'बूट करणें' म्हणतात. बुटाच्या मागील बाजूचा पट्टा धरून आपणच आपल्याला वर उचलावयाचें, अशा एका इंग्रजी वाक्प्रचारावरून तो शब्द निघाला आहे. देवघराच्या भिंतीला लागून आम्ही रोज सकाळीं बूट करतों, हें ऐकून आमच्या आत्याबाईंनीं एकदां कपाळाला हात लावला होता.

गेल्या श्रावणांत यंत्रांत जागा अपुरी पडते अशी दादांनीं तक्रार केली. मीं विंडोजमधूनच तबकडीचे विभाग उघडून पाहिले. मध्यें एक विभाग अगदीं रिकामा दिसला. रिकाम्या खोलीला भाडें कशाला, अशा विचारानें कोणासहि न विचारतां मीं तो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं यादी नाहीं, विंडोज नाहीं आणि लिनक्सहि नाहीं. काळ्या पडद्यावर दोनच ओळी : असा विभाग अस्तित्वांत नाहीं, आणि त्याखालीं 'ग्रब रेस्क्यू'. "पोरानें घालून ठेवलेल्या त्या लिनक्सचेंच हें कांहीं तरी असणार," दादा म्हणाले, आणि मी गप्प राहिलों. गप्प राहणें किती सोपें असतें! दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानें यंत्र पाहिलें आणि सगळें पुसून नव्यानें भरून देतों म्हणून सांगितलें. वहिनी भिशीसाठीं हळहळल्या. अण्णांच्या वहीबद्दल मी कोणापाशींच बोललों नाहीं.

तिसऱ्या रात्रीं मीं पुतण्यास बंगळूरला दूरध्वनि केला. त्यानें एकच प्रश्न विचारला, "काका, एखादा विभाग कोणी काढला का?"

"मीं काढला," असें म्हणेपर्यंत माझा घसा कोरडा पडला.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो हसला. "मग कांहीं गेलेलें नाहीं. फक्त खोल्यांचे क्रमांक बदलले आहेत."

प्रकार असा होता. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांत तबकडीचा पहिला तुकडा ५१२ बाइटांचा असतो. त्यांतील ६४ बाइटांत चार मुख्य विभागांची नोंद, शेवटच्या २ बाइटांत खूण, आणि द्वारपालाला राहण्यास उरतात ४४६. एवढ्याशा ओसरीवर ग्रबचा संसार मावत नाहीं. तो तेथें नुसता दाराशीं उभा राहतो. त्याच्या मागें थोडें सामान लगेच पुढच्या तुकड्यांत असतें आणि बाकीचें सारें, यादीसकट, लिनक्सच्या विभागांत. तो विभाग कितवा, तेवढें त्याला पाठ असतें. एक ते चार हे क्रमांक मुख्य विभागांसाठीं राखलेले. त्यांपैकीं एकाच्या पोटांत आणखी विभाग पाडले तर त्यांची मोजणी पांचपासून सुरू होते. आमचा पांचवा रिकामा आणि सहाव्यांत लिनक्स. मीं पांचवा काढला आणि सहावा सरकून पांचवा झाला. बिचारा द्वारपाल सहाव्या दारावर थाप मारावयास गेला, तों दारच नाहीं!

त्या अवस्थेंत ग्रबला चार-दोनच आज्ञा समजतात. पुतण्या सांगेल तें एकेक अक्षर मी टंकीत होतों. 'एलएस' म्हणतांच विभागांची नांवें आलीं. पहिल्यांत डोकावलों तर ओळख पटत नाहीं असें उत्तर आलें. तें विंडोजचें घर, आणि तेथली भाषा द्वारपालाला त्या वेळीं अवगत नव्हती. पांचव्यांत मात्र 'बूट', 'होम' अशीं नांवें ओळीनें उभीं राहिलीं. मग 'सेट' या आज्ञेनें त्याला सामानाचा नवा पत्ता सांगितला, 'इन्समॉड नॉर्मल' म्हणून तें सामान उचलावयास लावलें, आणि शेवटीं नुसतें 'नॉर्मल'. यादी आली.

लिनक्समध्यें शिरतांच प्रथम अण्णांची वही उघडली. 'माझा जन्म वाईस झाला' ही पहिली ओळ होती तशी होती. पुतण्या मला घाई करीत होता. कारण हा पत्ता तात्पुरता, यंत्र बंद केलें कीं विसरला जाणारा. म्हणून 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा एखाद्या विभागाला नव्हे तर सबंध तबकडीला उद्देशून द्यावयाची, आणि मागोमाग 'अपडेट-ग्रब'नें यादी नव्यानें लिहवून घ्यावयाची. अलीकडच्या यंत्रांत द्वारपालांसाठीं निराळी लहान खोलीच राखलेली असते आणि एक विभाग काढल्यानें दुसऱ्यांचे क्रमांक असे सरकत नाहींत. तेथें बहुधा कोणाला आधीं हांक मारावी हा क्रमच तेवढा बिघडतो, आणि तो पुन्हां लावून देतां येतो.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं दादांना सगळें सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं आपण होऊन बंगळूरला दूरध्वनि केला आणि मला म्हणाले, "अण्णांचें तें आधीं छापून आण."

तीन प्रती काढल्या. एक आत्याबाई रोज दुपारीं माझ्याकडून वाचवून घेतात. त्यांतील दोन साल अण्णांनीं चुकीचीं सांगितलीं आहेत, असें त्यांचें ठाम म्हणणें आहे.