दादाचं पिल्लू जेवत नाही!

माझा मावसभाऊ अमेरिकेत एमएस करतो. एकटेपणावर उपाय म्हणून त्याने कॉर्न स्नेकचं पिल्लू पाळलं. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरी ठेवता येत नाहीत हं!) पण पिल्लू दोन आठवडे उपाशी! मावशी फोनवर म्हणाली, "अरे, दूध पाज." साप कुठला दूध पितोय? तो पक्का मांसाहारी. शेवटी दादाने त्याला हातात घेणं बंद केलं. लपायला डबी दिली, पेटीच्या एका कोपऱ्यात ऊब ठेवली. फ्रीझरमधलं उंदराचं पिल्लू कोमट करून रात्री डबीपाशी ठेवलं आणि लाईट घालवला. सकाळी फस्त!

हॉस्टेलवर नवीन आलेली माझी रूममेटही धड जेवत नाही. हल्ली मी आग्रह करत नाही. ताट झाकून ठेवते, इतकंच.