शेजाऱ्याने केलं, आम्ही भोगलं

‘काही दिवसांनी नाव आपोआप निघेल, घाई असेल तर पैसे भरा.’ स्पॅमच्या काळ्या यादीवाल्यांचं हे उत्तर आठवलं की आजही संताप येतो.

दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांना पाठवलेल्या मेल धडाधड परत येत होत्या, प्रत्येकीवर ५५० हा नकाराचा कोड. मेल खरोखर आमचीच आहे हे पडताळता यावं यासाठीच्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही सोयी आमच्याकडे जागच्या जागी होत्या. पत्तेही वर्गणीदारांनी स्वतः दिलेले. पण होस्टिंग कंपनीच्या दुसऱ्याच ग्राहकाने स्पॅम सोडला आणि कंपनीचे आयपी पत्ते सरसकट यादीत गेले. एका बिऱ्हाडाने पाणीपट्टी थकवली म्हणून अख्ख्या चाळीचा नळ तोडावा, तसं.

निकाल क्षणात लागतो. मेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या आयपीचे आकडे उलटे करून यादीला डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीमार्फत, विचारतो. १९२.०.२.५ असेल तर ५.२.०.१९२. उत्तरात १२७.०.०.२ आलं, की पत्ता यादीत. बाजू कुठे मांडायची?

आणि वर पैसे! अशा याद्या कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या जानेवारी २०१२च्या आरएफसी ६४७१ या इंटरनेट-दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय: मेल अडवायला वापरल्या जाणाऱ्या यादीने नाव काढायला, किंवा लवकर काढायलाही, शुल्क वा देणगी मागू नये; मागणारी यादी वापरूच नये. नावं घालण्यातूनच मिळकत होणार असेल, तर यादीच्या निःपक्षपातीपणावर विश्वास कसा ठेवायचा? पण हा दस्तऐवज केवळ माहितीपर. कोणावर बंधन नाही.

याद्याच बंद करा, असं मी तेव्हा तावातावाने म्हणत होतो. आता तसं म्हणवत नाही. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८मध्ये सुरू केलेल्या, अशाच याद्या चालवणाऱ्या स्पॅमहॉसवर ई३६० या मार्केटिंग कंपनीने आपल्याला यादीत टाकल्याबद्दल अमेरिकेत खटला भरला. २००६मध्ये कोर्टाने तब्बल १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. २०११मध्ये अपिलात ती ३ डॉलरवर आली. यादीवाले वाचले, हे वाचून मला चक्क आनंद झाला.

पाठवणाऱ्यांनी आपली बाजू चोख ठेवावीच. परत आलेले पत्ते लगेच वगळावेत, कारण जुने बंद पत्ते पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्याचे सापळे म्हणून वापरले जातात. जीमेलच्या पत्त्यांवर रोज ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून जीमेल फेब्रुवारी २०२४पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही गोष्टी मागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. होस्टिंग घेण्याआधी मिळणारा आयपी यादीत नाही ना, हे तपासून घ्यावं.

मात्र मेल अडवते ती यादी नव्हे; तिच्यावर विसंबून नकार देतो तो घेणाऱ्याचा सर्व्हर. म्हणून आम्ही वर्गणीदारांच्या कॉलेजांना, कचेऱ्यांना थेट लिहिलं. एका कॉलेजने ती यादी वापरणं बंद केलं. बाकीच्यांकडे ती अजून चालू आहे.