दोन पानं माझ्या अक्षरातली

कोल्हापूर,
१२ मे २०२६

ती. सौ. अक्कास,


एक दिवसाआड फोन होत असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच "जेवलास का?" विचारतेस, आणि मग बीपीच्या गोळीवर गाडी जाते ती जातेच. आपल्या गल्लीतला एक पोरगा शिकायला टोरांटोला निघालाय. त्याच्या बॅगेत पाव किलोची जागा मागून घेतली आणि हे पुस्तक त्याच्याबरोबर पाठवतोय. पत्र पुस्तकातच ठेवतो. आधी पत्र वाच.

उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यात जॉब पॅक करायला आपण रद्दी घेतो, ते तुला माहीत आहे. बाबांच्या वेळेपासूनची पद्धत. तेलाचा हात मारून कागदात गुंडाळलं की पार्ट गंज धरत नाही. मागच्या महिन्यात रद्दीचं बोचकं आलं त्यात वर्तमानपत्रं होती, दहावीची गाईडं होती, आणि तळाला एक कव्हर नसलेलं पुस्तक होतं. पुठ्ठ्यावर कुणीतरी निळ्या शाईनं 'वळीव' असं लिहिलेलं. त्या दिवशी लाईट गेलेली, लेथ बंद, माणसं बाहेर चहाला. पंखा नसल्यामुळं वारा घ्यायला म्हणून मी ते हातात घेतलं. खरंच, वाचायला नाही, वारा घ्यायला.

तासाभरानं लाईट आली, मशीन सुरू झाल्या, आणि मी तसाच बसून होतो. टर्नरनं येऊन विचारलं, "मालक, बरं न्हाई काय?"

शंकर पाटील. आता तू म्हणशील, त्यात शोध कसला लागला? शंकर पाटील कुणाला माहीत नाहीत? तेच तर सांगायचंय. मला माहीत होते ते हसवणारे शंकर पाटील. माडगूळकर, मिरासदार आणि पाटील या तिघांच्या कथाकथनाच्या गोष्टी आपण बाबांकडनं किती वेळा ऐकल्या! 'धिंड' आणि 'मिटिंग' तर गणपतीच्या मांडवात कॅसेटवर लागायच्या, सगळी गल्ली पोट धरून हसायची आणि पुढचं वाक्य यायच्या आधीच पोरं ते म्हणायची. शिवाय 'पिंजरा', 'एक गाव बारा भानगडी' यांच्या पटकथांमागंही तेच नाव. म्हणजे माझ्या लेखी हा माणूस फेट्यातला, टाळ्या घेणारा. त्याचं पुस्तक उघडून गप्प बसून वाचावं असं पन्नास-पंचावन्न वर्षांत एकदाही वाटलं नाही. कॅसेट ऐकली म्हणजे लेखक वाचला, असा आपला हिशेब.

'वळीव' हा त्यांचा पहिला संग्रह. यात तो कॅसेटवाला माणूस जवळपास नाहीच. इथं ऊन आहे. नुसतं तापलंय म्हणून सोडून दिलेलं ऊन नाही. अंगावर चढतं, डोळ्यांपुढं हलतं, माणसाला चिडकं करतं, असं आपल्याकडचं एप्रिल-मेमधलं ऊन. आणि वाट बघणं आहे. माणसं कमी बोलतात, आणि बोलतात ते भलत्याच गोष्टीवर बोलतात. पोटातलं पोटातच राहतं. आपली आज्जी रागावली की कशी गप्प बसून भाकऱ्या थापायची आणि थापण्याच्या आवाजावरनं आपल्याला राग किती आहे ते कळायचं, तसं. गोष्टी मी सांगणार नाही. सांगितल्यावर त्यात उरतं काय? तुझी सवय मला माहीत आहे, शेवट आधी विचारायचा. या वेळी नाही.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. कादंबरी म्हणजे फाउंड्रीतनं आलेलं कास्टिंग. वजनदार असतं, अंगाला थोडी वाळू चिकटलेली असते, चालून जातं. कथा म्हणजे लेथवरचा जॉब. सूतभर जास्त राहिलं तरी बसत नाही, सूतभर कमी झालं तर भंगारात. या संग्रहातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम परत वाचल्या, कुठं मटेरियल जास्त राहिलंय ते बघायला. एका ठिकाणी मला वाटलं की शेवटचा परिच्छेद नसता तरी चाललं असतं. तू वाचून सांग. बाकी हात फिरवला तर कुठं बर, म्हणजे कापाची खरखर, लागत नाही.

आता घोटाळा ऐक. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन एक गोष्ट वाचायला घेतली. रंगात आलो, पान उलटलं, आणि एकदम दुसरीच गोष्ट सुरू. बघतो तर मधली दोन पानं फाडलेली. ताजी फाडलेली, कडेला पांढरे धागे. कामावरच्या पोराला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, "काल बुशला कागद कमी पडला मालक. म्हातारं पुस्तक हुतं, फाडलं." म्हणजे त्या गोष्टीचा शेवट तेल लावलेल्या पितळी बुशभोवती गुंडाळून चाकणला रवाना झाला होता. रागवावं तर कुणावर? दोन दिवसांपूर्वी मी तरी ते पंखा म्हणूनच वापरलं होतं.

चार दिवस मी त्या गोष्टीत अडकून पडलो. रात्री झोपताना मनात शेवट लावून बघायचो. एकदा गोड केला, एकदा वाईट केला. नवी प्रत विकत मिळाली असती, नाही असं नाही. पण आता मला थांबवत नव्हतं, म्हणून सोमवारी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. आठवतं का, बाबा आपल्याला घेऊन जायचे आणि दारातच दटावून सांगायचे, १८५० सालचं वाचनालय आहे हे, इथं खोकायचंसुद्धा हळू? कपाटातनं पुस्तक निघालं, पान लावलं, उभ्या उभ्या वाचलं. माझे दोन्ही शेवट चुकले होते. गोड नाही आणि वाईटही नाही. गोष्ट नुसती थांबते, आणि थांबल्यावर मग मागचं सगळं दिसायला लागतं. मी खुर्ची ओढून बसलो.

झेरॉक्स काढता आली असती. का कुणास ठाऊक, घरी प्रत आणून मी ती पानं हातानं उतरवून काढली. सातवीनंतर एवढं मराठी एका बैठकीत लिहिलं नव्हतं. आणि त्या लिहिण्यात जे झालं त्यासाठी हे पत्र आहे, अक्का.

पुस्तकात माणूस आपल्याकडच्यासारखा बोलतो. 'व्हता', 'न्हाई', 'हितं', 'तवा'. मी समोर बघून उतरवत होतो, डोळ्यांना 'व्हता' दिसत होतं, आणि हात 'होता' लिहीत होता. पहिल्यांदा वाटलं, चुकलं असेल. खोडलं. तीन ओळी खाली परत तेच. दोन पानांत सात वेळा. हाताला कुणी शिकवलंय ते? शाळेनं, आणि थोडं तू. तू पुण्याला कॉलेजला गेलीस आणि पहिल्या दिवाळीला आलीस तेव्हा तुझं बोलणं पार बदललं होतं. मी 'हितं' म्हटलं की 'इथं' म्हणून सुधारायचीस. आज्जीला मात्र सुधारायला गेलीस नाहीस, नुसती मैत्रिणींसमोर तिला फार बोलू द्यायची नाहीस. तक्रार म्हणून सांगत नाही. मीही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना गळ्यात टाय बांधल्यासारखाच बोलतो, आणि ठेवल्यावर टर्नरला म्हणतो, "काय म्हंतंय बघ बेणं!" दोन जिभा घेऊन आपण आयुष्य काढलं. त्यातली एक घरात वापरायची आणि हसण्यावारी न्यायची, एवढंच मला माहीत होतं. ती जीभ दुःखाच्या वेळी छापील कागदावर बघितली नव्हती. कॅसेटवर 'व्हय' ऐकलं की लोक हसायचे. इथं त्याच 'व्हय'पाशी मला घशात आवंढा आला.

गंमत म्हणजे हे पाटील स्वतः पुढं पुण्याला बालभारतीत मराठी भाषेचे अधिकारी होते. ज्या पाठ्यपुस्तकांनी माझ्या हाताला 'होता' शिकवलं, त्या घरातला माणूस आपल्या कथेत 'व्हता' लिहून बसला होता. १९८५ ला नांदेडच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. म्हणजे 'व्हता' लिहून त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते आपलं.

दुसरा धक्का वेगळाच. त्यांचा जन्म कुठला ते शोधलं, तर पट्टणकोडोली. हुपरीच्या वाटेवरची! ८ ऑगस्ट १९२६. आपण विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला किती वेळा गेलो असू? भंडाऱ्यानं पिवळे होऊन परत यायचो, फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला बाबांच्या खांद्यावर बसायचो, आणि तुझा पांढरा फ्रॉक एकदा कायमचा पिवळा झाला होता. इतक्या फेऱ्यांत एकदाही कुणी सांगितलं नाही, की या गावातनं एक लेखक निघालाय. गेल्या रविवारी मोटरसायकल काढून गेलो. वीसेक किलोमीटर. चहाच्या गाड्यावर विचारलं, शंकर पाटलांचं घर कुठलं? चहावाला पोरगा म्हणाला, "कुठलं पाटील? निम्मं गाव पाटीलच हाय." बाजूला बसलेले एक म्हातारबा मात्र वळून म्हणाले, "पिक्चरवालं व्हय?" मग काय, बसलो त्यांच्याजवळ अर्धा तास. लेखकाबद्दल फार काही निघालं नाही. उसाचा दर, पाणी आणि सुनेचं वागणं यावरच बोलणं झालं. पण परत येताना मला वाटत राहिलं की मी संग्रहातली आणखी एक गोष्ट ऐकून आलो.

तू त्या एलिस मन्रोबाईंचं मला किती वेळा सांगितलंस! २०१३ ला नोबेल मिळालं, आयुष्यभर कथाच लिहिल्या, आणि त्याही बऱ्याचशा त्या एका ह्यूरन काउंटीतल्या. तिच्या गावी, विंगहॅमला, तिच्या नावानं केलेली बाग बघायला तू तीन तास गाडीनं गेलीस आणि फोटो पाठवलेस. मी 'छान' म्हणून अंगठा पाठवला. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. तुझी ह्यूरन काउंटी तसा आपल्या पट्टणकोडोलीचा हातकणंगले तालुका. तुझ्या बाईची पुस्तकं मी आता वाचीन, हवं तर. पण आधी तू आपली वाच. जगातलं लांबचं गाव आपल्याला कथेत चालतं; जवळचं दिसलं की आपण म्हणतो, यात काय, हे तर रोजचंच.

बाबांना दोष देत नाही. त्यांचे देव खांडेकर. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते, एकाही कामगारानं ते पुस्तक वाचलेलं नसताना. राजारामपुरीत त्यांच्या घरावरनं जाताना आवाज खाली आणून बोलायचे. त्या थोरपणाच्या सावलीत ही बारीक पुस्तकं राहून गेली असावीत. कथासंग्रहाचं तसंही नशीब खोटंच. लग्नात भेट द्यायला कादंबरी, वाढदिवसाला चरित्र. कथासंग्रह कुणी कुणाला देत नाही.

आता मला नादच लागलाय. निपाणीच्या महादेव मोरेंचं पुस्तक मागवलंय. पिठाची गिरणी चालवत या माणसानं आयुष्यभर लिहिलं. २०२४ ला गेले. गिरणीवाला लिहितो तर लेथवाल्यानं निदान वाचायला काय हरकत आहे? चारुता सागरांचं 'नागीण' यादीत आहे. ते नाव बाईचं वाटतं, पण ते कवठेमहांकाळकडचे दिनकर भोसले. 'जोगवा' सिनेमात त्यांच्या 'दर्शन' या कथेचा आधार होता. आणि आपल्या कोल्हापुरातल्याच किरण गुरव यांना २०२१ चं साहित्य अकादमी कथासंग्रहालाच मिळालंय, तेही मला आत्ता कळतंय. घरी ही म्हणते, रद्दी घ्यायला गेला आणि रद्दीच घरात आणायला लागला.

हे लिहिता लिहिता बाहेर अंधारून आलंय. सकाळपासून पाखरू हलत नव्हतं इतका उकाडा होता. आत्ता वारं सुटलं, समोरच्या शेडचा पत्रा आपटतोय, आणि कामावरचा पोरगा बाहेरचे जॉब आत घ्यायला पळालाय. लाईट गेलीच. मातीचा वास आला. तुझ्याकडं असल्या पावसाला काय म्हणतात माहीत नाही, आपल्याकडं वळीवच.

येत्या ८ ऑगस्टला पाटलांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. त्या आधी तुझं वाचून होऊ दे, मग फोन कर, आणि त्या दिवशी जेवलास का विचारू नकोस.

पुस्तक जपून उघड, शिवण सुटलेली आहे. मध्ये दोन पानं वेगळ्या कागदावर, बॉलपेननं लिहिलेली चिकटवली आहेत, ती माझी. कोणत्या गोष्टीचा शेवट आहे ते तिथं पोचल्यावर कळेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर. खाडाखोड सात ठिकाणी आहे. तिथं खोडलेलं वाचू नकोस, वर लिहिलंय तेच बरोबर आहे.

तुझा,
धाकटा